खाऱ्या पाण्याचा हिशेब

दसरा उलटला की हरिद्वारला वरच्या गंगा कालव्याचं पाणी बंद होतं. १८५४ साली सुरू झालेला हा कालवा वर्षातून एकदा कोरडा करायचा, गाळ उपसायचा, भिंतींची डागडुजी करायची आणि दिवाळीच्या सुमारास पाणी पुन्हा सोडायचं, हा उत्तर प्रदेशच्या पाटबंधारे खात्याचा जुना शिरस्ता. नोएडात ज्याला सगळे ‘गंगाजल’ म्हणतात ते याच कालव्याचं. नळाला ते एकटं येत नाही, त्यात यमुनाकाठच्या रॅनी विहिरींचं आणि कूपनलिकांचं पाणी मिसळलेलं असतं. कालवा बंद झाला की मिश्रणातला गंगेचा वाटा आटतो आणि जमिनीखालच्या जड पाण्याचा वाढतो. डाळ शिजायला वेळ लागतो, तोटीला पांढरी खपली धरते. सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस आरडाओरडा होतो आणि मग फराळाच्या फोटोंत तो विषय वाहून जातो.

ज्यांच्या घरी खाऱ्या पाण्याचा, म्हणजे समुद्री माशांचा आणि प्रवाळांचा, टँक आहे त्यांना ही खबर ग्रुपच्या आधी लागते. पेनाएवढा टीडीएस मीटर नळाखालच्या पेल्यात बुडवला की कालपर्यंतचा आकडा आज चढलेला दिसतो. यंत्र अगदी साधं आहे. दोन धातूच्या टोकांमधून पाण्यात वीज किती सहज वाहते ते मोजायचं, त्याला ठरावीक गुणकाने गुणायचं आणि विरघळलेल्या क्षारांचा अंदाज दाखवायचा, एवढंच त्याचं काम. क्षार कोणता, हे त्याला कळत नाही. कॅल्शियम, नायट्रेट, साधं मीठ, त्याच्या लेखी सगळे सारखेच. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. नोएडाच्या बऱ्याच सेक्टरांत नुसत्या बोअरच्या पाण्याचा आकडा हजाराच्या पुढे असतो. ही भीती विकून जगणारा एक वर्गही इथे आहे. आरओ विकायला दारावर येणारा पोऱ्या तुमच्या पेल्यात विजेच्या दोन सळ्या बुडवतो, मिनिटभरात पाणी तपकिरी गाळाने भरतं आणि घरातली मंडळी धसकतात. तो गाळ बहुतांशी त्याच्याच लोखंडी सळीचा गंज असतो. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते म्हणून सळी विरघळते. आरओच्या पाण्यात क्षारच नसतात, म्हणून तिथे काही होत नाही. स्वयंपाकघरात चालणारी इतकी सोपी फसवणूक दुसरी नसेल.

टँकवाल्याला मात्र त्या मीटरवर शून्य हवं असतं. अक्षरशः शून्य. आरओची जाळी ९६ टक्के क्षार अडवते असं धरलं, तर आत ३०० आलं की बाहेर १२ उरतात आणि आत १२०० आलं की ४८. हे उरलेले क्षार पुढच्या नळीतली डीआय रेझिन टिपून घेते. म्हणजे कालवा बंद असताना तीच रेझिन चौपट वेगाने संपते. दिवाळीच्या खर्चात आमच्याकडे रेझिन हाही एक रकाना असतो.

हे सगळं कशासाठी, तर समुद्र बनवण्यासाठी. १९७६ साली आणीबाणीच्या काळात ओखल्यापलीकडच्या शेतांवर वसवलेलं हे औद्योगिक शहर. इथून कुठलाही समुद्रकिनारा रस्त्याने हजाराच्या वर किलोमीटर लांब. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला, १९५१ साली ते उघडलं तेव्हापासून, समोरच मरीन ड्राइव्हचा समुद्र होता. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंगने जिवंत प्रवाळ आणि जिवंत दगड घालून घरगुती टँक कसा चालवायचा ते अमेरिकी मासिकात लिहून जगाला चकित केलं. त्याच्याकडे होते हवेचे बुडबुडे, ऊन आणि किनाऱ्यावरून आणलेलं समुद्राचं पाणी. मोजायला त्याच्याकडे फारसं काही नव्हतं आणि त्याला गरजही नव्हती, कारण मोजमापाचं काम जावा समुद्र करत होता. नोएडात समुद्र पिशवीतून येतो. लिटरला पस्तीस-अडतीस ग्रॅम परदेशी मीठ, म्हणजे दोनशे लिटरच्या टँकला सात-साडेसात किलो, शून्य टीडीएसच्या पाण्यात रात्रभर ढवळत ठेवायचं. सकाळी बादलीत जे असतं त्याला समुद्र म्हणायचं की नाही, हे हातातलं यंत्र ठरवतं.

त्यातलं पहिलं यंत्र रिफ्रॅक्टोमीटर. टॉर्चएवढी नळी, एका टोकाला तिरपी काच. काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, झाकणी अलगद टेकवायची आणि खिडकीकडे तोंड करून नळी डोळ्याला लावायची. वर निळं, खाली पांढरं. त्यांची सीमारेषा ३५ वर आली की हजारी पस्तीस, म्हणजे खुल्या समुद्राइतकं खारट. पाणी जितकं खारट तितका प्रकाश जास्त वाकतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. गोम पुढे आहे. बाजारातली बरीचशी स्वस्त यंत्रं नुसत्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात आणि समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम असं पुष्कळ काही असतं. शिवाय विकणारे सांगतात की आरओच्या पाण्यावर शून्य लावा, झालं. शून्याला बरोबर असलेलं यंत्र पस्तीसला चुकू शकतं. म्हणून ते पस्तीसलाच जुळवावं. त्यासाठी महागडी बाटली लागत नाही. रॅन्डी होम्स-फार्ली या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने या छंदाला दिलेला एक घरगुती उपाय आहे: साडेछत्तीस ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरला हजारी पस्तीसच्या समुद्रासारखंच दिसतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा दशांश ग्रॅम दाखवत असेल तर काम भागलं.

मुंबईच्या टँकवाल्याला हे यंत्र आठवड्यातून एकदा काढलं तरी चालेल. नोएडात मे महिन्यात लू सुटते, वर एसी खोलीतली उरलीसुरली ओल शोषतो आणि टँकमधून दिवसाला काही लिटर पाणी उडून जातं. पाणी उडतं, मीठ जागेवर राहतं. चार दिवस दुर्लक्ष केलं तर पस्तीसचे सदतीस होतात. वर मीठ घातलेलं पाणी ओतायचं नसतं, साधं आरओचं घालायचं असतं. नवखे लोक इथेच हमखास चुकतात. जुलैत पाऊस लागला की उलटा खेळ. हवा दमट झाली की पाणी उडायचं थांबतं, पण उन्हाळ्यातल्या सवयीने रोज तांब्याभर ओतणारा हात थांबत नाही आणि खारटपणा खाली घसरतो.

खरा कस लागतो तो अल्कलिनिटीच्या यंत्रात. छंदातले लोक तिला नुसतं ‘अल्क’ म्हणतात आणि डीकेएच या जर्मन मापात मोजतात. आम्लाला तोंड देण्याची पाण्याची ताकद असं तिचं वर्णन पाठ्यपुस्तकात असतं. टँकपुरतं सांगायचं तर पाण्यात विरघळलेला बायकार्बोनेटचा साठा. समुद्रात ती सात डीकेएचच्या आसपास असते, टँकवाले सात ते नऊच्या दरम्यान ठेवतात. शंख, गुलाबी कोरलाइन शेवाळ आणि दगडी प्रवाळ या साठ्यातून आणि कॅल्शियममधून आपला चुना बांधतात.

आता एक छोटा हिशेब, कारण कोणतं यंत्र आधी घ्यायचं ते त्यावरच ठरतं. चुना बांधताना पाण्यातलं कॅल्शियम लिटरमागे २० मिलिग्रॅमने उतरलं, तर अल्क २.८ डीकेएचने उतरते. समुद्रात कॅल्शियम ४१० ते ४२० असतं. त्यातले वीस गेले तर कळणारही नाही. पण सात-आठातून २.८ गेले म्हणजे तिसरा हिस्सा गेला. म्हणून टँकमध्ये काही बिघडत असेल तर अल्क आधी बोंब मारते, कॅल्शियम बरंच नंतर. तरीही दुकानात नवख्याच्या हातात आधी कॅल्शियमचा मीटर ठेवतात, कारण प्रवाळाला ‘कॅल्शियम लागतं’ हे ऐकून सगळ्यांना माहीत असतं.

या कामाला सगळ्यात जास्त वापरतात ती हॅना या कंपनीची अंड्याच्या आकाराची छोटी यंत्रं. कंपनी मूळची इटलीची, १९७८ साली सुरू झालेली. या यंत्राला ‘चेकर’ म्हणतात आणि ते एका एएए सेलवर चालतं. काचेच्या कुपीत १० मिलिलिटर टँकचं पाणी घ्यायचं. कुपी बाहेरून चष्म्याच्या फडक्याने पुसायची, कारण बोटाचा ठसासुद्धा प्रकाश अडवतो. यंत्रात ठेवून झाकण लावायचं आणि बटण दाबायचं. यंत्र या पाण्याला आपलं शून्य मानतं. मग सिरिंजने १ मिलिलिटर रसायन घालायचं. सिरिंजच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला की रसायन कमी पडतं आणि आकडा बिघडतो, म्हणून ती उभी धरून टिचकी मारायची. झाकण लावून कुपी पाच वेळा सावकाश उलटीसुलटी करायची. जोरात हलवली तर फेस होतो. पाण्याला रंग चढतो. साठा कमी असेल तर पिवळट, जास्त असेल तर हिरव्यातून निळ्याकडे झुकणारा. कुपी पुन्हा आत, पुन्हा बटण. आत एक एलईडी, समोर प्रकाश टिपणारा डोळा, मध्ये रंगीत पाणी. किती प्रकाश पलीकडे पोचला त्यावरून आकडा. पडद्यावर येतं: ८.१.

याआधी थेंब मोजून रंग पालटेपर्यंत वाट पाहायची किंवा छापील पट्टीशी रंग ताडून पाहायचा, अशी किट होती. आजही आहेत आणि स्वस्तही पडतात. पण प्रवाळाच्या टँकवरचे दिवे गर्द निळे असतात आणि त्या उजेडात फिक्या जांभळ्यातून गुलाबी वेगळा काढणं कठीणच. ज्यांना रंगांधळेपणा आहे त्यांना तर अशक्य. नवरा एक रंग सांगतो, बायको दुसरा, आणि मुलगा म्हणतो दोन्ही सारखेच. यंत्राने हा घरगुती वाद मिटवला, हा त्याचा पहिला उपकार.

पण आता त्या ८.१ कडे नीट पाहू या. कंपनी स्वतःच सांगते की आकडा ०.३ डीकेएच अधिक वाचनाच्या ५ टक्के एवढ्याने इकडेतिकडे होऊ शकतो. आठाच्या आसपास हे मिळून साधारण ०.७ होतात. म्हणजे पडद्यावरचं ८.१ प्रत्यक्षात ७.४ असू शकतं किंवा ८.८ असू शकतं. काल ८.१ आणि आज ७.८ आलं म्हणून घाईने सोडा ओतणारा माणूस यंत्राच्या थरथरीला औषध देत असतो. शंभर लिटरला एक डीकेएच चढवायला तीन ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो; इतकं सोपं असल्यामुळेच हात शिवशिवतात. त्यावर उपाय एकच. तीच सिरिंज, तोच हात, तीच वेळ, आणि वहीत आकड्यांची ओळ. एकटा आकडा फसवतो; आठवडाभर सलग उतरणारी ओळ सहसा फसवत नाही.

कॅल्शियमच्या चेकरचं दुखणं याहून मोठं. त्यात टँकचं पाणी घ्यायचं फक्त ०.१ मिलिलिटर, बाकी शुद्ध पाणी आणि रसायन. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. थेंबाच्या दहाव्या हिश्श्याची चूक झाली तरी आकडा ५ टक्क्यांनी, म्हणजे वीसेक मिलिग्रॅमने हलतो. चांगल्या हाताच्या माणसानेही लागोपाठ दोनदा मोजलं तर वेगळे आकडे येतात. माझं मत स्पष्ट आहे: कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला जुनी थेंबांची किट पुरते, यंत्राचे पैसे वाचवावेत.

फॉस्फेटचं यंत्र मात्र कामाचं, कारण तिथे मोजायचे आकडे इतके बारीक असतात की डोळ्याला रंगच दिसत नाही. गोंधळ एकाच ठिकाणी होतो. एक चेकर फॉस्फेट दाखवत नाही, नुसता फॉस्फरस दाखवतो, तोही अब्जांशात. पडद्यावर २० आले तर त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागायचं. फॉस्फेट आलं ०.०६. हे न करता ‘वीस आलं’ म्हणून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत आणि ‘फक्त वीस’ म्हणून खूश झालेलेही.

दिवाळीत नोएडात सगळ्यात जास्त दगा देतो तो पीएचचा पेन. किंबहुना दगा देतो म्हणणं अन्यायाचं. तो खरं बोलतो, आपण चुकीचं ऐकतो. ऑक्टोबर संपत आला की हवेवर राखाडी चादर पसरते, खिडक्या बंद होतात, फटींना टेप लागतात आणि कोपऱ्यात एअर प्युरिफायर घरघरू लागतो. प्युरिफायर धूळ गाळतो, कार्बन डायऑक्साइड गाळत नाही. बंद खोलीत माणसं श्वास सोडत राहतात, गॅस जळत राहतो, पाहुणे येतात. खोलीतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, की अल्क तीच असतानाही टँकचा पीएच साधारण ०.३ ने खाली येतो. एरवी ८.२ दाखवणारा पेन आठच्या खाली घसरतो आणि टँकवाल्याच्या पोटात गोळा येतो. तो म्हणतो, पाणी आंबट झालं, सोडा घाला.

नेमक्या या वेळी दोन यंत्रं शेजारी ठेवावीत. पीएच उतरला आणि अल्क जागेवर आहे, तर दोष खोलीतल्या हवेचा आहे, पाण्याचा नाही. सोडा घातला तर पीएच थोडा वेळ सावरल्यासारखा वाटेल, अल्क मात्र चढत जाईल. दोन्ही उतरले असतील तरच टँक खरोखर साठा खातो आहे. खिडकी उघडणं हा एरवीचा सोपा इलाज, पण बाहेरची हवा पाहता घरातली आजी ती उघडू देत नाही आणि तिचंच बरोबर असतं. मग बुडबुड्यांनी पाणी साफ करणाऱ्या स्किमरची हवा सोडा लाइमच्या डब्यातून घेतात. तो डबा कार्बन डायऑक्साइड शोषतो. किंवा चुन्याची निवळी थेंबथेंब सोडतात. पेटर विल्केन्स या माणसाने युरोपात १९७० च्या दशकात ही निवळी प्रवाळाच्या टँकमध्ये रूढ केली. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली ती चुन्याची निवळी इथे ‘काल्कवासर’ या जर्मन नावाने आणि जर्मन किमतीत मिळते. पेनबद्दल एकच सूचना: ७ आणि १० च्या बफरमध्ये तो वरचेवर जुळवावा आणि त्याचं टोक कोरडं पडू देऊ नये.

एवढं मोजून टँकमध्ये ठेवायचं काय? हा प्रश्न दुकानदार टाळतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालापासून सगळे दगडी प्रवाळ आहेत, त्यांच्याबरोबर काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड कमीत कमी २५,००० रुपये. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या लहानशा वसाहती आल्या, तेव्हा २०२० मध्ये त्या हलवण्यासाठी वन विभागाची रीतसर परवानगी काढावी लागली आणि काम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलं. महापालिकेला जे परवानगीशिवाय करता येत नाही ते सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये तुम्हाआम्हाला कसं करता येईल? परदेशातून आणलेले दगडी प्रवाळ वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. त्यांनाही परवाने लागतात. झोअँथिड, मशरूम, लेदर यांसारखे मऊ प्रवाळ त्या यादीत नावाने नाहीत, आणि इथले कायद्याला धरून चालणारे टँक त्यांच्यावरच उभे आहेत. झोअँथिड हाताळताना हातमोजे घाला. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं, आणि त्यांचे दगड उकळत्या पाण्यात टाकून धुणं जिवावर बेतू शकतं.

इथेच यंत्रांच्या बाजाराची गंमत कळते. अल्क, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, नायट्रेट असा पेटीबंद संच मुळात दगडी प्रवाळ वाढवणाऱ्या अमेरिकी आणि युरोपी माणसासाठी आहे. मऊ प्रवाळ चुन्याचा सांगाडा उभारत नाहीत. त्यांच्या टँकमध्ये कॅल्शियम महिनोन्महिने हलत नाही. थोडंफार खातात ते शंख आणि कोरलाइन शेवाळ, आणि तेवढं दर पंधरवड्याला बदललेल्या पाण्यातून भरून निघतं. म्हणजे जो प्राणी ठेवायला आपल्याला बंदी आहे त्याच्यासाठी बनवलेली अर्धी पेटी आपण हौसेने विकत घेतो.

दगडी प्रवाळ पाहायचेच असतील तर महाराष्ट्राला तोटा नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं अँग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे. तिथेही सगळं आलबेल नाही. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ संस्थेने प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट सुरू असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच उन्हाळ्यात कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याचं सांगितलं. कारण पाण्याचं तापमान. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादाच अंश जास्त, पण आठवडेच्या आठवडे. नोएडात मे-जूनमध्ये बाहेर पंचेचाळीस असताना आणि वीज गेलेली असताना टँकमध्ये हेच काही तासांत होऊ शकतं, आणि त्याची सूचना देणारं यंत्र सगळ्यात स्वस्त आहे: थर्मामीटर.

या दिवाळीत कुणी नवा टँक लावत असेल तर त्याने दुकानदाराकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात. एक, प्रत्येक जिवाच्या खरेदीचे कागद. ‘इम्पोर्टेड है’ हा कागद नव्हे. दोन, प्रत्येक रसायनाच्या बाटलीवरची मुदत, कारण जुन्या रसायनाने यंत्र बिनदिक्कत चुकीचा आकडा दाखवतं. पहिल्या वर्षी थर्मामीटर, टीडीएस मीटर, रिफ्रॅक्टोमीटर आणि अल्कचा चेकर एवढं पुरे. सुरुवातीला टँक मुरेपर्यंत अमोनिया आणि नायट्राइट तपासायला थेंबांची साधी किट चालते. फॉस्फेटचं यंत्र दुसऱ्या वर्षी. कॅल्शियमचं घेऊच नका, ते पैसे चिलरला ठेवा. नोएडाच्या उन्हाळ्यात त्याच्याशिवाय भागत नाही.